मास्तर, हनुवटी खाली

“मोबाइलवर? माझ्या थडग्यावरचा फोटो तू मोबाइलवर काढणारेस?”

बोरिवोये स्तांकुलोविच पेर्सिदाच्या दुकानाच्या उंबऱ्यावरच थबकला. काखेत कातडी पेटी, पेटीत त्याचा जुना कॅमेरा. मागे त्याची बायको ल्युबिंका, हातात इस्त्री केलेला काळा कोट.

पेर्सिदा तेव्हा जमिनीवर पालथी पडलेली होती. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तिने एक लाल मिरची उभी चिरून ठेवली होती आणि फोन उलटा धरून, भिंग पार जमिनीला टेकवून, ती मिरचीच्या आत बघत होती. साठीची बाई, केस पांढरे, कोपराला धूळ. ती उठली नाही.

“या मास्तर,” ती म्हणाली. “वहिनी, कोट तिथं खुंटीला लावा. एक मिनिट हं. आत बघा काय देऊळ आहे! खांब, कमानी, वर बियांची झुंबरं!”

“मी कॅमेरा आणलाय,” बोरा म्हणाला. “रोलसुद्धा आहे आत. तू फक्त बटण दाब, बाकी मी सांगतो.”

“तसं असेल तर तुम्हीच काढा मास्तर. आरसा देते.”

मी हसू दाबलं. मी तिथंच होतो, खुर्चीवर बसून दगडाच्या मापाचा कागद कापत होतो. मी त्राइलो, थडग्यांचे दगड घडवतो. माझी कार्यशाळा आणि पेर्सिदाचं दुकान यांच्यात एकच भिंत आणि भिंतीत एक दार. आमच्याकडे शहाणा माणूस आपला दगड जिवंतपणीच उभा करून ठेवतो. पोरं व्हिएन्नात, त्यांच्यावर कोण विसंबणार? काळ्या दगडावर चेहरा, नाव, जन्माचं वर्ष, पुढं एक आडवी रेघ, आणि रेघेपुढची जागा कोरी. फोटो पेर्सिदा काढते, मी तो हिऱ्याच्या सुईने ठिपक्या-ठिपक्याने दगडात उतरवतो. वीस वर्षं झाली आमची ही जोडी आहे. गावातल्या मेलेल्या आणि मरू घातलेल्या सगळ्यांचे चेहरे आमच्या हाताखालून गेलेत.

एक बोरा तेवढा राहिला होता. तो कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. पेर्सिदाला तर होतंच.

ल्युबिंका नवऱ्याला म्हणाली, “आता बस ना. तिला तिचं काम येतं. शेजारच्या कोल्याच्या दगडाचा फोटो केवढा छान केलाय तिने.”

“कोल्या देखणाच होता,” बोरा पुटपुटला आणि आत आला.

* * *

पेर्सिदा सतरा वर्षांची असताना बोराच्या ‘फोटो झोरा’ या दुकानात कामाला लागली. बाप नव्हता, आई शाळेत झाडलोट करायची. बोरा तेव्हा गावातला राजा. ऑगस्ट लागला की व्हिएन्ना, झुरिक, पॅरिसला कामाला गेलेली आमची माणसं सुट्टीवर यायची आणि महिनाभरात वर्षभराची लग्नं उरकायची. प्रत्येक लग्नात बोरा पुढं, आणि त्याच्या मागे पेटी, तिकाटणं, दिव्यांच्या छत्र्या घेऊन पेर्सिदा. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे, तो तेव्हापासून.

नऊ वर्षांनी तिने स्वतःचं दुकान काढलं, चर्चसमोर. बोरा उद्घाटनाला आला, राकिया दारूचा पेला उंचावला, तिच्या आईच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याच उन्हाळ्यात तीन लग्नं त्याला सोडून तिच्याकडे गेली. नवऱ्यामुलींना बाई बरी वाटायची. डोक्यावरची जाळी, झालर, गुंड्या नीट करायला आत जाता यायचं, आणि आतले फोटो तर बोराच्या बापजन्मात कुणी काढले नव्हते: मुलगी आरशापुढं, मागे आई वेणी घालतेय, आजी रडतेय.

मग एका संध्याकाळी बोरा काफान्यात, म्हणजे गावच्या दारू-कॉफीच्या खानावळीत, चार माणसांसोबत बसला होता. त्यांत माझा बाप होता. बोरा आवाज खाली करून म्हणाला, “पोरगी चांगली आहे रे, पण पैशाची हाव वाईट. नवऱ्यामुली कपडे बदलतात ना, तेव्हाचे फोटो ती काढते. व्हिएन्नात विकते पुरुषांना. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. तुम्ही बोलू नका कुठं.”

असा फोटो कुणी कधी पाहिला नाही. पाहायची गरजही पडली नाही.

पुढच्याच रविवारी एका लग्नात नवरीच्या आत्याने पेर्सिदाला दंडाला धरून खोलीतून बाहेर काढलं आणि अंगणात सोडलं. अंगणात ट्रंपेटवाले वाजवत होते. ते थांबले. पेर्सिदा कॅमेरा छातीशी धरून फाटकापर्यंत चालत गेली. तिच्या बुटांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

त्यानंतर तिला लग्न नाही. दुसऱ्यांचं नाही आणि स्वतःचंही नाही. ठरत आलेलं होतं, मुलाकडच्यांनी निरोप धाडला. आई चर्चला जायची बंद झाली. बाया आपल्याला बघून बाकावर लांब सरकून बसतात, असं म्हणायची. दोन हिवाळे तिने घरातच काढले आणि तिसऱ्यात गेली. पेर्सिदाकडे उरली ती मयतं. मेलेली माणसं कपडे बदलत नाहीत. त्यांच्यापाशी तिला कुणी अडवलं नाही.

हे काफान्यातलं बोलणं माझ्या बापाने मरायच्या आधी मला सांगितलं, आणि मी तिला. ती तेव्हा एका मयताच्या फोटोवरचा चरा बारीक कुंचल्याने बुजवत होती. हात हलला नाही. “ठाऊक आहे,” एवढंच म्हणाली. “लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आला होता ना तो, सांत्वनाला. आईला म्हणाला, ‘पोर आहे, चुकली असेल.’ मला खोलीतून का काढलं ते तोवर आम्हालाच ठाऊक नव्हतं. त्याला कुठून कळलं?”

* * *

आता फोनचं सांगतो, कारण फोन आला नसता तर पेर्सिदा असंच कुंचला चालवत सुकून गेली असती.

व्हिएन्नातल्या भाचीने नवा फोन घेतला आणि जुना मावशीला पाठवला, बोलायला म्हणून. पेर्सिदाने आठवडाभर त्याला हात लावला नाही. “खेळणं आहे,” म्हणाली. बोराही काफान्यात तेच म्हणायचा, की आता माकडंही फोटो काढतात. त्याचं ‘झोरा’ तोवर बंद पडलं होतं. तिथं बुटांचं दुकान आलं होतं.

मग एकदा सकाळी भिंतीतलं दार उघडून ती आत आली. धुणं अर्धवट टाकून आली होती, हाताला फेस. फोन माझ्या नाकासमोर धरला.

“बघ!”

मी पाहिलं. निळे, जांभळे, सोनेरी घुमट, एकाला एक चिकटलेले, प्रत्येकात एक छोटी खिडकी.

“हे काय, रशियातलं चर्च का?”

“साबणाचा फेस रे! माझ्या बादलीतला!” आणि ती अशी हसली की मला वाटलं हिला काही झालं. तीस वर्षांत मी तिचे मागचे दात पाहिले नव्हते. “वजन नाही रे याला, त्राइलो. वजनच नाही! एका हातात मावतो. पाहिलं की निघालं. तिकाटणं नाही, पेटी नाही, खांदा नाही.”

त्यानंतर गावाला तिचा उपद्रव सुरू झाला. पावसाच्या डबक्यापाशी ती गुडघ्यावर बसायची, फोन उलटा करून पाण्याला भिडवायची, आणि फोटोत आमचं गळकं चर्च सरोवरातून वर आल्यासारखं दिसायचं. कोंबडीचा डोळा. पोस्टमनच्या सायकलची घंटी आणि तिच्यात वाकडं झालेलं अख्खं गाव. माझा कान, दगडाच्या भुकटीने पांढरा झालेला. तो तिने जगभर पाठवला, ब्राझीलमधल्या कुणा बाईने विचारलं म्हणे, कुठल्या ग्रीक पुतळ्याचा आहे. मी बायकोला ते रोज ऐकवायचो.

आणि ती फोटोवर काम करायची ती अ‍ॅपं! तिथं तर ती पोरीसारखी व्हायची. काफान्याच्या ओट्यावर उन्हात बसायची, तुर्की कॉफी निवून जायची, आणि बोट चाललेलं. सावली थोडी उघडायची, आकाश थोडं खाली ओढायचं. चर्चपुढचा विजेचा खांब तिने एकदा माझ्यासमोर पुसला. बोट फिरवलं आणि खांब गेला, मागची भिंत जिथल्या तिथं. ती खुर्चीवरून अर्धी उठली. “चाळीस वर्षं, त्राइलो! चाळीस वर्षं हा मेला माझ्या प्रत्येक वरातीत, प्रत्येक मयतात उभा होता. दोन दिवस लागायचे एकेका निगेटिव्हवर, पात्याने खरवडून. गेला बघ!” मग तिने तो परत आणला, पुन्हा पुसला. तीन वेळा. फक्त मजा म्हणून.

धंद्यातही तिने कमाल केली. विधवा बाई नवऱ्याच्या ओळखपत्राचा चिमुकला फोटो घेऊन यायची, डोळे मिटलेले. पेर्सिदा कुठल्या तरी सामूहिक फोटोतून त्याचेच उघडे डोळे शोधून बसवायची. कोट कुणाकडे धड नसायचा. माझ्या लग्नाच्या कोटाचा एक फोटो तिने काढून ठेवला होता, तोच सगळ्यांना घालायची. आमच्या स्मशानात माझा कोट घालून सात पुरुष उभे आहेत. माझी बायको तिथनं जाताना छातीवर क्रुसाची खूण करते आणि हसते.

त्या फोनमधली एक गोष्ट तिला सगळ्यात आवडायची. बटण दाबलं की तो एकच क्षण धरत नाही. दाबायच्या आधीचं थोडं आणि नंतरचंही थोडं ठेवतो. मग बोटाने मागेपुढे सरकवत हवा तो क्षण उचलायचा.

“माणूस फोटोसाठी तोंड करतो ना,” ती म्हणायची, “त्याच्या आधी त्याचं स्वतःचं तोंड असतं. ते आयुष्यभर माझ्या हातून निसटलं. हा ते ठेवतो.”

* * *

बोरा खिडकीपाशी बसला. ल्युबिंकाने त्याला कोट चढवला, खांद्यावरचा कोंडा झटकला, चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. चष्म्यात म्हातारा दिसतो, असं त्याचं मत होतं.

“उजेड डावीकडून हवा,” तो म्हणाला.

“हो, मास्तर.”

“आणि खालून नको. खालून काढलं की नाकपुड्या दिसतात. तुला शिकवलं होतं मी.”

“शिकवलं होतंत, मास्तर. हनुवटी खाली. आणखी थोडी. आता इकडे.”

तिने बरेच काढले. बोरा प्रत्येक वेळी तेच तोंड करायचा: भुवया किंचित वर, ओठ बंद, एखाद्या बँकेच्या संचालकासारखं. ती “छान, छान” म्हणत होती. मी माप घेतलं, खुर्चीत परत बसलो. मला वाटलं, झालं, एवढ्यावरच निभावलं.

“वहिनी,” पेर्सिदा म्हणाली, “त्राइलोकडे पलीकडे अक्षरांचे नमुने लावलेत, बघून घ्या ना.”

ल्युबिंका भिंतीतल्या दारातून पलीकडे गेली. दार उघडंच होतं. ती पाठमोरी अक्षरं वाचताना दिसत होती.

पेर्सिदाने फोन तसाच धरलेला. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडून तोवर मी कधी ‘तुम्ही’शिवाय ऐकलं नव्हतं.

“बोरा,” ती म्हणाली, “तू काफान्यात माझ्याबद्दल काय सांगितलं होतंस रे?”

अंगठा काचेवर टेकला.

“काय? कधी?” बोरा म्हणाला. लगेच भुवया वर, ओठ बंद. “काय बोलतेयस तू?”

“काही नाही, मास्तर. झालं. छान आला.”

ती टेबलापाशी जाऊन बसली आणि बोट फिरवू लागली. काचेवर मला ते तोंड दिसलं. मी दगडात चेहरे कोरतो, चेहऱ्याचं मला कळतं. मला वाटलं होतं तो दचकलेला असेल. दचकलेला नव्हता. त्याला मजा वाटली होती. जुनी जमलेली चाल आठवावी तसा ओठांचा एक कोपरा वर गेला होता, जिभेचं टोक किंचित बाहेर, आणि डोळे चोरून दाराकडे, बायको ऐकत नाही ना ते पाहायला. डोळ्याची पापणी लवेस्तोवरचं काम. नंतर तो बँकेचा संचालक झाला होता.

पेर्सिदाने त्याच्या गालावरचा तीळ पुसला. कॉलर सरळ केली. भुवयांखालची सावली उघडली, म्हणजे डोळे नीट दिसावेत. तोंडाला तिने हात लावला नाही. हे मी शपथेवर सांगतो, माझ्यासमोर झालंय.

“घ्या मास्तर, पसंत आहे का बघा.”

बोराने फोन हातभर लांब धरला. चष्मा बायकोच्या पर्समध्ये. मागायचा तर म्हातारं व्हावं लागलं असतं. त्याने डोळे बारीक केले.

“ठीक आहे,” म्हणाला. “मोबाइलच्या मानाने ठीक आहे.”

ल्युबिंका परत आली, तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “अगं बाई! अगदी हाच! घरात असतो ना, तस्सा!”

ते गेल्यावर मी पेर्सिदाला म्हणालो, “हे मी कोरायचं?”

“त्यांनी पसंत केलंय.”

“दगडावर हाताएवढं मोठं होणार ते. तेव्हा तो बघेल.”

“बघू दे की. मीही बघितलं.” ती पुन्हा जमिनीवर पालथी झाली. ऊन सरकलं होतं, तिने मिरची उचलून उजेडात ठेवली. “तुला नको असेल तर सांग. मी तुझ्यावर रागावणार नाही.”

मी कोरलं. माझ्या बापाने ते बोलणं ऐकून घेतलं होतं आणि वर राकियाचा पेला भरून घेतला होता, हे मला विसरता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर इतका जिवंत चेहरा माझ्या सुईखाली पूर्वी कधी आला नव्हता. ओठाचा कोपरा करायला मी सबंध सकाळ घेतली.

* * *

दगड उभा राहिला त्या दिवशी बोरा चष्मा लावून आला. दगडाच्या अगदी जवळ गेला. मी सिमेंटने भरलेले हात पुसत होतो.

“हा मी नाही,” तो म्हणाला.

“का हो? वहिनी तर म्हणाल्या अगदी...”

“पुसून टाक.”

“दगड आहे मास्तर, फळा नाही. घासून नवं करता येईल. पण काय चुकलंय ते सांगा, म्हणजे तेवढं दुरुस्त करतो.”

तो तोंड उघडून माझ्याकडे पाहत राहिला. काय चुकलंय ते सांगायचं, तर त्या तोंडात काय दिसतं ते सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं.

मग तो पेर्सिदाकडे गेला. मी भिंतीपलीकडून ऐकलं.

“दुसरा काढ.”

“फोन बिघडलाय, मास्तर.” आणि लगेच फोटो काढल्याचा टिक असा आवाज आला, खिडकीतली माशी असणार, ती त्या आठवड्यात माश्यांच्या मागे होती.

“काय पाहिजे तुला?”

“मला? काही नाही. माझं छान चाललंय.”

आणि ते खोटंही नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिचं तोंड टवटवीत झालं होतं. दर रविवारी टेकडीवरच्या स्मशानात आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जायची, आणि परत येताना मुद्दाम वरच्या ओळीतून यायची. त्याच्या दगडापुढं उभी राहायची. सकाळच्या उन्हात एकदा, ढगात एकदा, पावसानंतर दगड ओला असताना एकदा, असे त्याचे फोटो काढायची. मला दाखवायची. “बघ, पाण्याने जीभ कशी चमकतेय.” मला त्या हसण्याची कधीकधी भीती वाटली. पण मी तिचं काय बोलणार? माझी आई बाकावर सरकणाऱ्या बायांमध्येच होती.

बोरा घरच्यांना सांगू शकत नव्हता, गावाला सांगू शकत नव्हता. त्याने दगडावर टॉवेल बांधला. लोकांना वाटलं, जिवंतपणी आपलं थडगं बघवत नसेल. ल्युबिंका सोडून टाकायची, “चांगलं कोरलंय, झाकतोस कशाला?” तो पुन्हा बांधायचा. पोरं त्याला ‘न्हाव्याकडचा बोरा’ म्हणायला लागली. त्याचं वजन उतरलं. आणि माणसंही वाईट असतात. टॉवेल बांधला म्हणूनच ती उचलून बघायला लागली. एका म्हातारीने तिथंच म्हटलं, “हा तर काहीतरी करून पळालेला दिसतो.” ते गावभर झालं.

* * *

सप्टेंबरात, द्राक्षं उतरवायच्या आधी, बोराने स्वतःची पोमाना घातली. मेल्यावर आपल्यासाठी कोण जेवण घालेल न घालेल, म्हणून आमच्याकडे माणूस जिवंतपणीच आपल्या नावाने गाव जेवू घालतो. इथं जे वाढलं ते तिकडे आपल्या पानात पडतं. अंगणात मंडप, लांब टेबलं, उकडलेला गहू, बीन्सचं कालवण, डुकराचं भाजलेलं मांस, प्रत्येक ताटाशी एक मेणबत्ती. पोमानेला कुणाला वगळता येत नाही. वगळलं तर तेवढं पान तिकडे रिकामं राहतं.

रीत अशी, की ज्याची पोमाना तो स्वतः प्रत्येकाला ताट देतो, “हे माझ्या जिवासाठी,” म्हणतो. घेणाऱ्याने म्हणायचं, “देव क्षमा करो.” मग ते पोचलं. म्हटलं नाही तर पोचलं नाही.

बोरा एकेक ताट देत येत होता. देव क्षमा करो, देव क्षमा करो, असं टेबलाच्या कडेने चाललं होतं, कुणी तोंडात घास घेऊन, कुणी बोलता बोलता. पेर्सिदा माझ्या शेजारी बसली होती, तपकिरी पोशाखात, केस चापूनचोपून. बोरा तिच्यापाशी आला. ताट ठेवलं.

“हे माझ्या जिवासाठी.”

पेर्सिदाने काटा उचलला, बीन्स चाखल्या. “मीठ छान पडलंय,” म्हणाली.

बोरा थांबला. माझ्या पलीकडचे दोघे बोलायचे थांबले.

“पेर्सा,” तो हळू म्हणाला, “म्हण ना.”

“तू म्हण आधी.”

“काय म्हणू?”

“ते तुला ठाऊक.”

पंच्याहत्तर वर्षांचा माणूस. एकेकाळी मी त्याच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहायचो. मला वाटलं हा आता उलटा फिरेल आणि घरात जाईल. तो वाकला, तिच्या कानाशी काहीतरी बोलला.

“मोठ्याने,” पेर्सिदा म्हणाली. “आई वर टेकडीवर आहे.”

त्याने एकदा सगळ्या टेबलाकडे पाहिलं. मग सरळ झाला.

“ते फोटो नव्हते,” तो म्हणाला. “नवऱ्यामुलींचे. तिने कधी काढले नव्हते. ते मी उठवलं होतं. लग्नं जात होती माझी.”

काटे थांबले. त्या टेबलाशी चार तरी बाया अशा होत्या, की ज्यांच्या लग्नात पेर्सिदाला दाराबाहेर ठेवलं होतं; त्या आपापल्या ताटात पाहू लागल्या. ल्युबिंका पातेल्यापाशी, हातात डाव घेऊन, उभी होती. डावातून कालवण तिच्या बुटावर ठिबकत होतं.

बोरा पेर्सिदाकडे वळला. आता त्याच्या चेहऱ्यावर काहीच केलेलं नव्हतं. “म्हण आता,” तो म्हणाला.

पेर्सिदाने त्याच्याकडे पाहिलं. मला माहितेय ती चेहरा कसा पाहते. मग तिने पावाचा तुकडा मोडला.

“ते देवाचं काम आहे, बोरा,” ती म्हणाली. “त्याला विचार.” आणि ती जेवू लागली. सावकाश, नीट, भूक लागलेल्या माणसासारखी. कालवण, मग मांस, मग पुन्हा कालवण.

बोरा उभाच. देणाऱ्याने उत्तर मिळाल्याशिवाय पुढं जायचं नसतं. पुढचं ताट माझं होतं, ते पोमानेसाठी आलेल्या त्याच्या मुलीच्या हातात निवत होतं.

तेव्हा ल्युबिंका आली. डाव तिने पातेल्यात सोडला होता. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. टेबलाच्या टोकाकडून एक रिकामं ताट घेतलं, स्वतःच वाढून घेतलं, आणि बाकाच्या या बाजूला येऊन उभी राहिली.

“पेर्सा,” ती म्हणाली, “सरक जरा.”

पेर्सिदा सरकली. ल्युबिंका बसली, पोशाख गुडघ्यांवर नीट केला, आणि दोघी खांद्याला खांदा लावून जेवत राहिल्या.